श्रोत्याचे देणे

नवी मुंबईत वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचे नाव आहे. त्याच्या खिडकीपाशी तिकिटासाठी उभ्या असलेल्या रसिकाला आपण पैसे का मोजतो, असा प्रश्न सहसा पडत नाही. हाच रसिक दुसऱ्या दिवशी सकाळी हार्बर मार्गाच्या गाडीत इअरफोन लावून बसतो आणि उतरेपर्यंत एखाद्या मराठी पॉडकास्टमधील दीर्घ मुलाखत ऐकतो. मुलाखतीच्या अखेरीस निवेदक मासिक शुल्क भरून सभासद होण्याची विनंती करतो. ती विनंती मात्र त्याला आगंतुक वाटते. एकाच व्यक्तीच्या या दोन वर्तनांत जी विसंगती आहे, तिचे स्पष्टीकरण केवळ किमतीच्या भाषेत देता येणार नाही. ऐकणे ही खरेदी आहे, स्वीकारलेले दान आहे, की या दोहोंहून वेगळा असा काही संबंध आहे, हा येथे खरा प्रश्न आहे.

ज्या भाव्यांचे नाव त्या वास्तूला दिले आहे, त्यांच्या चरित्रातच या प्रश्नाचा एक पूर्वाध्याय आहे. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, तो आश्रय संपला आणि भाव्यांची मंडळी गावोगाव फिरू लागली. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोड थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे झालेले हे संक्रमण आपल्या नाट्येतिहासात गौरवाने सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. एका धन्याची मर्जी सांभाळण्याऐवजी अनेकांच्या लहान लहान देण्यांवर कला उभी राहिली. परंतु तिकिटाला आणखी एक बाजू आहे. ते आधी घेतले जाते, सर्वांकडून ठरल्या दराने घेतले जाते, आणि ज्याच्यापाशी ते नाही त्याला दाराबाहेर ठेवते. तिकीट हे दारही असते आणि कुलूपही.

याच्या नेमकी उलट व्यवस्था कीर्तनाची. तेथे आरतीचे ताट फिरते ते श्रवण संपल्यावर. जो तो यथाशक्ति टाकतो आणि न टाकणाऱ्याला कोणी उठवत नाही. मात्र एवढ्या सौम्य व्यवहारालाही तुकोबांचा आक्षेप होता. कीर्तन करावे तेथे अन्नही घेऊ नये, असे बजावणारा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. त्या अभंगातील विशेष असा की, द्रव्य घेणाऱ्याबरोबर देणाराही तेथे दोषी ठरतो. घेणाऱ्याचा दोष समजण्यासारखा आहे. देणाऱ्याचा दोष कोणता? त्याचे उत्तर असे देता येईल की, देणारा नकळत वक्त्याची वाणी विकत घेतो. ज्याच्या शिध्यावर आपली चूल पेटते, त्याला चार खडे बोल सुनावणे अवघड जाते. श्रोत्याने पैसे देऊ नयेत या पक्षाचा हा सर्वांत बळकट युक्तिवाद होय. फुकट मिळते म्हणून न देणाऱ्याच्या युक्तिवादाशी त्याची गल्लत करू नये.

तथापि तुकोबांचा निषेध एका गृहीतकावर उभा आहे. कीर्तनात वक्ता आणि श्रोता असे दोनच पक्ष आहेत. श्रोत्याने दिले नाही तर कोणीच देत नाही. ध्वनी यंत्रावर स्वार झाला आणि हे गृहीतक मोडले. १९२७ च्या जुलैत मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यावा आणि त्या उत्पन्नातून कंपनीने चालावे, अशी मुख्यतः योजना होती. ती चालली नाही; १९३० मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले आणि प्रक्षेपण सरकारकडे गेले. १९५७ मध्ये आलेल्या विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती वाजू लागल्या, आणि १९८० च्या दशकात घरगुती परवानाही रद्द झाला. आवाज हा हवेसारखा विनामूल्य असतो, अशी समजूत असणारी पिढी त्यानंतर वाढली. वस्तुतः देणे संपले नव्हते, फक्त देणारा बदलला होता. २०१७ मध्ये बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली तीही ब्रिटिश सरकारच्या वाढीव अनुदानामुळे. नेरुळच्या श्रोत्याने फुकट ऐकलेल्या मराठी ध्वनिफितीचा भार लीड्सच्या एखाद्या करदात्याने उचललेला असू शकतो.

तेव्हा पर्याय ‘देणे की न देणे’ असा नसून ‘कोणी द्यावे’ असा आहे. जाहिरातदार देतो तेव्हा तो वक्त्याची वाणी घेत नाही, श्रोत्यांची संख्या घेतो. येथे विकला जातो तो श्रोता. शिवाय वक्त्याच्या मौनाची किंमतही त्यात मिसळलेली असते. समजा, नेरुळच्या पाणथळ जागा आणि तेथे उतरणारे रोहित पक्षी यांवर एखादी श्राव्य मालिका निघाली आणि तिला एका गृहबांधणी कंपनीने प्रायोजकत्व दिले. त्या मालिकेत असत्य सांगितले जाईलच असे नाही. पक्ष्यांची माहिती अचूक असेल, त्यांचे वर्णन रम्य असेल. केवळ भरावाचा विषय निघणार नाही. प्रायोजित संहितेचे वाचन तिच्या वाक्यांपेक्षा तिच्या गाळलेल्या जागांतून करावे लागते. तुकोबांचा आक्षेप येथे अधिक तीव्रतेने लागू होतो, कारण हा देणारा श्रोतृवर्गात बसलेलाच नाही.

यावर असे म्हटले जाईल की, पैसे भरणारे श्रोतेही प्रायोजकाइतकेच जुलमी होऊ शकतात. हे खरे आहे. आपल्या मताला दुजोरा मिळावा म्हणून शुल्क भरणारा समुदाय मतभेदाचा पहिला शब्द येताच सभासदत्व सोडतो, आणि वक्ता हळूहळू त्याला हवे तेच बोलू लागतो. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. २०१७ च्या अखेरीस मराठीतही आलेल्या स्टोरीटेलसारख्या सेवांचा मार्ग तिकिटाचा आहे: शुल्क भरा आणि ऐका. निर्मिलेल्या ग्रंथासाठी तो न्याय्य आहे. पण चर्चा, मुलाखत, वादविवाद हे भाषेचे सार्वजनिक अंगण आहे. त्याला कुलूप लावले तर रात्रपाळीचा पहारेकरी आणि वसतिगृहातील विद्यार्थी हेच बाहेर राहतात, आणि ज्या भाषेत वैचारिक श्राव्य सामग्री मुळातच अल्प आहे तिला हे परवडणारे नाही.

या कोंडीतून वाट काढण्यास मराठीतीलच एक शब्द उपयोगी पडतो. प्रत्येक पॉडकास्टच्या शेवटी ‘सबस्क्राइब करा’ अशी हाक येते. श्रोता बटण दाबतो आणि काहीच देत नाही. या क्रियेला आपण ‘वर्गणी’ म्हटले नाही, ते भाषेच्या अचूक जाणिवेमुळेच. वर्गणी नियतकालिकाची असते तशी गणेशोत्सवाचीही असते, आणि उत्सवाची वर्गणी देणारा स्वतःच्या दर्शनाचे मोल देत नसतो. न देणाऱ्यालाही मूर्ती तेवढीच दिसते. वर्गणी हे अस्तित्वाचे मोल आहे, उपभोगाचे नव्हे. तिची खंडणी होऊ शकते, हा अनुभवही आपल्याला आहे. म्हणून ती मागावी, लादू नये.

तात्पर्य, ज्याला शक्य आहे त्या श्रोत्याने द्यावे, परंतु ग्राहक म्हणून नव्हे, वर्गणीदार म्हणून. त्याच्या देण्याने दार इतरांसाठी उघडे राहावे, आणि दिल्यामुळे वक्त्यावर आपला हक्क निर्माण झाला असे त्याने मानू नये. न आवडलेला भाग ऐकल्यावरही पुढच्या महिन्याचे देणे चालू ठेवणे, ही या नैतिकतेची कसोटी होय. या कसोटीला उतरणारे देणे तुकोबांच्या आक्षेपातून सुटू शकेल.

ही कसोटी ध्वनीपुरतीच आहे असेही नाही. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले, त्याची हळहळ आजही व्यक्त होते. हळहळणाऱ्यांपैकी वर्गणीदार किती होते आणि दुसऱ्याचा अंक मागून वाचणारे किती, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना, आणि प्रस्तुत लेखकालाही, अडचणीत टाकणारा आहे.