स्टिअरिंग हाती आले की

मिस्सेत शेजाऱ्याला शांतीचे चिन्ह देऊन आपण बाहेर पडतो आणि फाटकापाशी त्याच्याच स्कूटरमागे हॉर्न दाबून धरतो. गाडीवरचा राग म्हणजे तरुण मुलग्यांचे दुखणे, असे आपण मोठी माणसे म्हणतो. वयाबरोबर तो बराच उतरतो, हे खरे. पण अमेरिकेत जेरी डेफेनबाकर यांनी १९९४ साली विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकूण रागात मुलगे-मुली जवळजवळ सारखेच निघाले. मुलग्यांना पोलीस आणि संथ गाड्या अधिक खटकल्या, मुलींना नियम मोडणारे आणि वाट अडवणारे.

म्हणजे नियम पाळणाऱ्यालाही राग येतो, आणि तो त्याला न्याय्य वाटतो. इथेच आपली फसगत होते. प्रभू येशूने भावावरच्या रागाला खुनाच्या शेजारी बसवले (मत्तय ५:२१-२२). चूक कोणाची, हे विचारले नाही. व्हॅटिकनने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या, त्यांतली पहिलीही खून न करण्याचीच.

पापनिवेदनात आपण घरातला राग सांगतो. रस्त्यावरचा कधी सांगितला? काच वर करून पुटपुटलेली शिवी समोरच्याने ऐकली नसेल. मागच्या सीटवरच्या मुलाने ऐकली.