वस्तरा कोणाच्या हाती?

दसऱ्यानंतरच्या दिवसांत नागपुरात एखादा माणूस गुळगुळीत डोक्याने कचेरीत आला की दोनपैकी एक प्रश्न ठरलेला. आवाज खाली आणून विचारलेला, ‘घरी काही झालं का?’ किंवा हसत हसत, ‘तिरुपतीला जाऊन आलात वाटतं?’ आपल्याकडे मुंडनाचे अर्थ ठरून गेले आहेत: बाळाचं जावळ, वडिलांचं सुतक, देवाला बोललेला नवस. चमनगोटा दिसला की पाहणारा यांतला एक अर्थ उचलतो आणि मोकळा होतो. पण या शहरात तिसरंही उत्तर मिळू शकतं. तो माणूस श्रामणेर, म्हणजे नवशिका बौद्ध भिक्खू, होण्याच्या शिबिरातून परतलेला असतो. काही दिवस त्याने चीवर पांघरलेलं असतं, दहा शीलं पाळलेली असतात, आणि आता तो पुन्हा शर्ट-पँट घालून फायलींकडे वळलेला असतो. केस मात्र अजून वाटेत असतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरच्या भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखोंना स्वतः दिली. त्या दीक्षेत वस्तऱ्याला कुठेच जागा नव्हती. त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा एवढं पुरेसं होतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली आणि डोक्यावरच्या केसांसकट बौद्ध होऊन परतली. उपासकाला मुंडनाची गरज नाही. ती श्रामणेराला आणि भिक्खूला. जपानमध्ये जन्मलेले आणि पुढे नागपूरचेच होऊन गेलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्यासारख्या भिक्खूंनी विदर्भात कितीतरी जणांना ही श्रामणेर-दीक्षा दिली. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, कॉलेजातली मुलं असतात, शेतमजूरही असतात.

मुंडन कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी कात्रीने किंवा मशीनने केस बारीक करून घेतात. लांब केसांवर थेट वस्तरा घातला तर तो ओढतो, आणि ओढला की कापतो. मग डोकं भरपूर भिजवायचं. कोमट पाण्याने केस मऊ पडतो, पातं कमी दाबात चालतं. ब्रशने साबणाचा फेस, आणि वस्तऱ्यात नवं कोरं अर्धं ब्लेड. एकाचं ब्लेड दुसऱ्याच्या डोक्याला लावायचं नाही, कारण बारीकशा रक्ताच्या थेंबातूनही कावीळ ‘ब’ पसरू शकते. जाणता माणूस एका हाताने कातडी ताणून धरतो आणि केसांच्या वळणाने वस्तरा खाली आणतो. माथ्यावरचा भोवरा आला की त्याच्याभोवती हात फिरवत जातो, कारण तिथे केसांची दिशा दर बोटाला बदलते. कानामागे आणि मानेवरच्या उंचवट्याशी तो थांबतो. तिथे घाई केली तर रक्त आलंच.

घोळ होतो तो शेवटच्या हाताला. तळव्याला जरा खरखर लागली की अनेकांना चैन पडत नाही. उलट्या दिशेने आणखी एक फेरी, मग आणखी एक. डोकं आरशासारखं चमकतं खरं, पण केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, वाढताना कधी आतल्या आत वळतो, आणि दोन-तीन दिवसांत लाल पुटकुळ्या उठतात. त्यावर तुरटी फिरवली की चुरचुर वाढते. तुरटी कापलेल्या जागेपुरती ठीक. गार पाणी, थोडं खोबरेल तेल आणि वरून सुती कापड एवढ्यावर काम भागतं. ज्या कातडीने कित्येक वर्षं ऊन पाहिलेलं नाही, ती नागपूरच्या ऑक्टोबरातल्या उन्हात एका दुपारीत भाजून निघते.

आता गंमत अशी की हा अट्टाहास धम्माने सांगितलेलाच नाही. विनयपिटकातला, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांच्या ग्रंथातला, नियम केसांच्या लांबीबद्दल आहे: दोन बोटांपेक्षा किंवा दोन महिन्यांपेक्षा जास्त वाढू देऊ नयेत. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे नियमात सवड बरीच आहे. वस्तरा मात्र भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगायच्या आठ वस्तूंत, आहे. तीन चीवरं, भिक्षापात्र, सुई, कमरबंद आणि पाणी गाळायच्या फडक्याच्या पंक्तीला. वस्तऱ्यासोबत धार लावायचा दगड आणि म्यानसुद्धा ठेवायची मुभा आहे. बोथट पातं नको, एवढी काळजी त्या काळच्या संघालाही होती. पण डोकं चकाकलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. केसांची मिजास सोडायला बसलेला माणूस टकलाची मिजास घेऊन उठला, तर त्याने कातडी फुकट सोलून घेतली म्हणायची.

वस्तरा चालत असताना श्रामणेराला पाच शब्द म्हणायला देतात: केस, अंगावरची लव, नखं, दात, कातडी. आधी सुलट, मग उलट. ज्यांना माणूस आपलं रूप समजतो ती ही पाच अंगं. त्यांतलं पहिलं त्याच क्षणी मांडीवर गळून पडत असतं, आणि मघापर्यंत जे ‘माझे केस’ होते, ते आता झाडून टाकायचे असतात. अनात्मवादावरचं जाडजूड पुस्तक जे सांगायला शंभर पानं घेतं, ते इथे एका बैठकीत हाताला लागतं.

पण हे झालं तत्त्वज्ञान. नागपूरच्या मुंडनाला आणखी एक पदर आहे, आणि तो बँकॉकच्या किंवा कँडीच्या मुंडनाला नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत साताऱ्यातलं बालपण सांगितलं आहे. गावात न्हाव्यांची वाण नव्हती, घरात पैसे द्यायची ऐपत होती, तरीही भावंडांचे केस थोरली बहीणच कापायची. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. ज्या समाजाला वस्तऱ्यानेच नाकारलं, त्याच समाजातली माणसं आज रांगेत बसून आपल्या हौसेने डोकं पुढे करतात. मुंडन म्हणजे केवळ त्याग, असं इथे म्हणून चालत नाही. त्याग करायला आधी ती गोष्ट आपल्या हक्काची असावी लागते.

बाबासाहेब आपले तीन गुरू सांगत: बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. तिघांची नावं एका दमात घेतली जातात, पण तिघांचाही वस्तऱ्याशी संबंध आला, हे सहसा लक्षात येत नाही.

बुद्धाच्या संघात शाक्यांचा न्हावी उपाली आला, तोही अनुरुद्ध, आनंद अशा राजकुमारांसोबत. दीक्षेला निघालेल्या कुमारांनी अंगावरचे दागिने त्याच्या हवाली केले आणि त्याला परत पाठवलं. त्याने ते गाठोडं झाडाला टांगलं आणि त्यांच्या मागे निघाला. मग कुमारांनीच बुद्धाला विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे वयाने नव्हे तर दीक्षेने तो आमच्याहून वडील ठरेल आणि आम्हाला त्याला वंदन करावं लागेल. आमचा शाक्यपणाचा ताठा त्यानेच उतरेल. हाच उपाली विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाबद्दलचे प्रश्न त्यालाच विचारले गेले.

कबीराने मुंडनाची यथेच्छ टर उडवली: डोकं भादरलं, मन तसंच राहिलं. धम्मपदही निव्वळ मुंडित डोक्याला श्रमण मानायला तयार नाही, तेव्हा या बाबतीत दोघांचं पटण्यासारखं आहे.

फुल्यांच्या बाजूचा प्रसंग जास्त झोंबणारा आहे. १८९० साली त्यांचे सत्यशोधक सहकारी आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा तिथे निर्णय झाला. तोवर नवरा वारला की उच्चवर्णीय घरांतल्या कोवळ्या पोरींनाही पाटावर बसवून केशवपन होई, आणि केस वाढले की पुन्हा न्हाव्याला बोलावणं जाई. आलवण नेसलेली ती बाई आणि चीवर पांघरलेली भिक्खुणी, दोघींचं डोकं सारखंच गुळगुळीत. कातडीला फरक कळणार नाही. पण बुद्धाची मावशी महाप्रजापती गौतमी हिने संघात प्रवेशाची परवानगी मिळण्याआधीच केस उतरवले, काषाय वस्त्रं नेसली आणि शाक्य स्त्रियांना घेऊन वैशालीची वाट धरली. तिला कोणी पाटावर बसवलं नव्हतं. मुंडनाचा धर्म डोक्यावर ठरत नसून वस्तरा कोणाच्या मर्जीने चालतो यावर ठरतो, असं म्हणायला या दोन बायका पुरेशा आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. मर्जीने मुंडन केलं, पुढे काय? ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीच हा प्रश्न रोखठोक विचारला आहे: भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायचा, की समाजाचा सेवक? स्वतःपुरता परिपूर्ण असेल तर तो त्यांच्या लेखी स्वार्थी, आणि धम्माच्या प्रसाराला निरुपयोगी. या कसोटीला दहा दिवसांचा श्रामणेर कमी पडतो, असं काही जण म्हणतात. मात्र तो चौकात, बसमध्ये, कचेरीत उघड्या डोक्याने वावरतो, विचारणाऱ्याला खरं कारण सांगतो, आणि चार माणसं त्यानिमित्ताने सुतक-नवसाच्या पलीकडचं काही ऐकतात. हीही सेवा धरायला हरकत नसावी.

वस्तरा कोणाच्या हाती असावा, याबद्दलचा विनयातला एक छोटा नियम फारसा कोणी सांगत नाही. आतुमा गावात पूर्वाश्रमीचा न्हावी असलेला एक वृद्ध भिक्खू होता. बुद्ध येणार म्हणून त्याने आपल्या मुलांना हजामतीचं सामान देऊन घरोघर पाठवलं, आणि लोकांच्या डोक्यांच्या बदल्यात तांदूळ, तेल, मीठ गोळा करवलं. बुद्धाने ते सारं नाकारलं आणि नियम केला: जो आधी न्हावी होता, त्या भिक्खूने हजामतीचं सामान जवळ ठेवायचं नाही. वस्तरा इतर कोणीही बाळगावा, पण ज्याच्या हातात तो जन्माने आला त्याने नव्हे. नियमाचं तात्कालिक कारण लोकांवर पडलेलं दडपण हे असेल. तरी परिणाम असा की बापजाद्यांचा धंदा विहाराच्या दाराशीच सुटतो आणि आत मुंडन हे कोणाही भिक्खूने कोणाही भिक्खूसाठी करायचं काम होऊन बसतं. विदर्भातल्या शिबिरांतही हेच दिसतं. कालच मुंडन झालेला आज फेसाचा ब्रश घेऊन पुढच्याच्या मागे बसतो, पहिल्यांदा हात थरथरतो, आणि भोवऱ्यापाशी आलं की शेजारचा भंते त्याला सांगतो, ‘हळू, दाबू नकोस, उलट फिरवू नकोस.’