मूक जिवांची सोशिकता

घरी मत्स्यपेटी ठेवून मला बरीच वर्षे झाली. त्यामुळे परिचयातल्या एखाद्या घरात मुलांनी माशांचा हट्ट धरला की प्रश्न माझ्याकडे येतो: फायटर आणावा की गोल्डफिश? विचारणाऱ्याचा कल बहुधा ठरलेला असतो. घर लहान आहे, वेळ अपुरा आहे, म्हणून ज्याला फारसे काही लागत नाही असा मासा त्याला हवा असतो. दुकानातही हेच आश्वासन मिळते. तिथे प्लास्टिकच्या पेल्यांत एकेक फायटर ओळीने मांडलेला असतो. शेजारच्याला पाहून त्याने पर फुलवू नयेत म्हणून मधे पुठ्ठ्याचे तुकडे खोचलेले असतात. ‘‘याला काही लागत नाही साहेब, पंपसुद्धा नको,’’ असे विक्रेता सांगतो. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नसते, आणि म्हणूनच ते तपासून पाहावे लागते.

फायटर, म्हणजे बेट्टा, मूळचा थायलंडच्या परिसरातला. 2019 साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भातखाचरे आणि पाणथळ जागा हे त्याचे घर. अशा उष्ण, संथ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात प्राणवायू अल्प असतो. म्हणून निसर्गाने त्याच्या कल्ल्यांच्या वर वळणावळणांचे एक जादा श्वसनेंद्रिय घडवले. पेटीजवळ शांतपणे बसले की त्याचे कार्य दिसते. मासा सावकाश वर येतो, त्याचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाला निमिषमात्र टेकते, हवेचा एक घोट घेऊन तो वळतो आणि कल्ल्याखालून एखादा बारीक बुडबुडा सुटतो. या सामर्थ्यामुळेच तो पेल्यात तग धरतो. परंतु हवा घेता आली म्हणून स्वतःच्याच उत्सर्गातला अमोनिया त्याला बाधत नाही, असे मुळीच नाही. पेल्यातले दोन घोट पाणी लवकरच दूषित होते. शेपटीच्या कडा झिजतात, रंग उतरतो, आणि मासा तळाशी पडून राहतो. पाहणाऱ्याला तो स्वस्थ वाटतो.

गोल्डफिशची कथा वेगळी, परंतु दिशा तीच. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी, सोंग राजवटीच्या काळात, तळ्यांतल्या करड्या माशांमधून क्वचित उपजणारे सोनेरी मासे निवडून वाढवले गेले; आजचे सारे गोल्डफिश त्या परंपरेतले. या माशाला जठर नसते. तो दिवसभर तळाची वाळू तोंडात घेतो, चाळतो, थुंकतो. खात राहतो आणि त्या प्रमाणात पाणी मलिन करतो. तो कमालीचा चिवटही आहे. थंड पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपला, तरी शरीरात साचणाऱ्या आम्लाचे मद्यार्कात रूपांतर करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकण्याची विलक्षण शक्ती त्याच्या ठायी आहे. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो; ब्रिटनमधला टिश नावाचा गोल्डफिश 1999 मध्ये मेला तेव्हा 43 वर्षांचा होता. साध्या जातीचा मासा तळ्यात फूटभर वाढतो. आणि त्यालाच आपण काचेच्या गोल भांड्यात ठेवतो. रोम शहराने 2005 मध्ये अशा भांड्यांवर बंदी घातली, ती मला अतिरेकी वाटत नाही.

दोन्ही मासे सोशीक आहेत, आणि त्यांची सोशिकताच त्यांच्या दुर्दशेचे कारण झाली आहे. जो जीव अल्पात तगतो, त्याला अल्पच पुरते असा निष्कर्ष आपण काढतो. तगणे आणि जगणे यांतले अंतर सोयीने विसरले जाते. हा न्याय माशांपुरताच राहिला आहे असेही नाही. घरातली जी बाई कधी कुरकुरत नाही, कार्यालयातला जो कर्मचारी कधी नकार देत नाही, त्यांच्याच वाट्याला अधिक भार येतो. त्यांना काही लागत नाही, असे आपण निःशंकपणे म्हणतो. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडते, तेव्हा कणव आपोआप जागी होते. माशाला आवाज नाही. त्याचे दुःख कानांना कळत नाही. ते तापमापीवरून, अमोनियाच्या चाचणीवरून, कल्ल्यांच्या वाढलेल्या गतीवरून ओळखावे लागते. अशा जिवाविषयी नुसते प्रेम असून भागत नाही. तिथे जाणून घेणे हाच कर्तव्याचा पहिला भाग ठरतो.

मला विचाराल तर मुंबई-कोकणातल्या लहान घरासाठी एकच फायटर योग्य. वीस लिटरची झाकण असलेली पेटी, मंद प्रवाहाचा फिल्टर, थोड्या जिवंत वनस्पती आणि 25 ते 28 अंशांचे पाणी एवढे त्याला लागते. आपले हवामान त्याच्या मायदेशाशी जुळणारे आहे. पुणे-नाशिकच्या थंडीत मात्र हीटर हवा. तो एकटा आहे म्हणून कुणी हळहळू नये, एकाकीपणा हा त्याचा स्वभाव आहे. सोबतीला दुसरा नर आणून सोडणे हीच क्रूरता होईल. गोल्डफिशला समशीतोष्ण पाणी मानवते. विदर्भातल्या मे महिन्यात पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून तरंगताना दिसतात. दोन आखूड अंगाच्या गोल्डफिशसाठी किमान दीडशे लिटरची पेटी हवी. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन दीडशे किलो. शिवाय आज शाळेत जाणारे मूल शिक्षणासाठी घर सोडून जाईल, तेव्हाही तो मासा आपल्याकडेच असेल. हे सारे मान्य असेल तरच तो आणावा. मान्य नसेल तर न आणण्यात कोणताही कमीपणा नाही.

दोहोंपैकी कुणालाही निवडा, पण एक विनंती आहे. पेटी आणि मासा एकाच दिवशी घरी आणू नका. अमोनियाचे विष पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नळाचे पाणी क्लोरीन काढून भरा, फिल्टर चालू करा, जिवाणूंना पोसण्यासाठी चिमूटभर खाद्य टाकत राहा, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची चाचणीने खात्री झाल्यावरच दुकानाची पायरी चढा.