दान की देणे?



प्रायश्चित्तकाळात ख्रिस्तसभा आपल्याला तीन गोष्टी करायला सांगते : प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. पहिल्या दोन गोष्टींविषयी आपण वारंवार ऐकतो. तिसरीविषयी मात्र फारसा विचार करीत नाही, कारण दान म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच आहे असे आपण धरून चालतो. आज आपण त्याचा विचार एका अगदी लहान वस्तूच्या आधाराने करू या. ती वस्तू म्हणजे चिमणीसाठी केलेले लाकडी घरटे.

दरवर्षी १९ मार्चला आपण संत योसेफ यांचा सण साजरा करतो. ते सुतार होते. लगेच दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, जागतिक चिमणी दिन येतो. हा दिवस पाळण्याची सुरुवात २०१० साली झाली, आणि त्यामागे आपल्याच महाराष्ट्रातल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार होता. चिमण्यांसाठी लाकडी घरटी बनवून ती घरोघरी पोहोचवण्याचे काम त्यांच्या संस्थेने केले. २० मार्च ही तारीख दरवर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधीच येते. म्हणजे सुताराचा सण, चिमणीचा दिवस आणि आपला दानधर्माचा काळ असे तिन्ही एकत्र येतात.

चिमणीला घर देण्याची वेळ का आली? रानातले पक्षी झाडावर घरटे बांधतात, पण चिमणी शेकडो वर्षे माणसाच्या घरातच राहत आली. आपल्या मराठवाड्यातली जुनी घरे आठवून पाहा. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद, तुळई आणि भिंत यांच्या सांध्यातल्या फटी, देवळ्या, कोनाडे, भिंतीवरच्या तसबिरीमागची मोकळी जागा. ही सारी चिमणीची घरे होती. त्यासाठी तिने कोणाची परवानगी घेतली नाही आणि कोणी तिला हाकललेही नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक त्याच जड भिंतींखाली आणि मातीच्या माळवदाखाली गाडली गेली. त्यानंतर लोकांच्या मनात माळवदाची धास्ती बसली. ज्याला जसे जमेल तसे प्रत्येकाने विटा-सिमेंटचे, स्लॅबचे घर बांधले. ते योग्यच होते. माणसाचा जीव वाचवणे हे पहिले कर्तव्य आहे. पण स्लॅबच्या घराला फट नसते, तुळई नसते, कोनाडा नसतो. आपण सुरक्षित घरात गेलो आणि आपल्याबरोबर राहणारी चिमणी मात्र मागे राहिली.

इथे अतिशयोक्ती करायला नको. चिमणी नामशेष होत आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवर २०२० साली जो अहवाल निघाला, त्यानुसार देशभरात चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे. घट दिसते ती मोठ्या महानगरांत. तेव्हा ती दुर्मीळ आहे म्हणून तिला वाचवा, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. जिचे घर आपल्यामुळे गेले, तिचे आपण काही लागतो का?

आपल्या सर्वांना लहानपणी ऐकलेली चिऊ-काऊची गोष्ट ठाऊक आहे. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. तो चिऊच्या दारात येऊन उभा राहतो आणि आतून चिऊ एकेक काम सांगून त्याला ताटकळत ठेवते. आज गोष्ट उलटली आहे. घर गेले आहे ते चिऊचे, आणि आतून तिला थांबायला सांगणारे आपण आहोत.

कॅथॉलिक धर्मशिक्षणाचा जो ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्राणिमात्रांविषयी काही परिच्छेद आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, देव स्वतः त्यांची काळजी वाहतो, म्हणून माणूस त्यांना दयेचे देणे लागतो, असा तेथील आशय आहे. 'देणे लागतो' या शब्दांकडे लक्ष द्या. दान आणि देणे यांत फरक आहे. दान मी माझ्या मर्जीने करतो, मला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढे. देणे मात्र आधीच ठरलेले असते. ते फेडले म्हणून कोणी माझा सत्कार करीत नाही.

यावर कोणी म्हणेल, "फादर, इथे माणसांचे हाल संपत नाहीत, नापिकी आहे, ऊसतोडीला गेल्याशिवाय पोट भरत नाही, आणि तुम्ही चिमणीचे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याच ग्रंथात त्याची दखल आहे. जो पैसा माणसाचे दुःख हलके करण्यासाठी आधी लागायला हवा, तो प्राण्यांवर उधळणे योग्य नाही, असेही तो सांगतो. म्हणून आम्ही बाजारातून रंगीत घरटी विकत आणा असे म्हणणार नाही. फळांच्या खोक्याची फळकुटे, थोडे खिळे आणि एक सुट्टीची सकाळ पुरे आहे.

शेतकऱ्याचाही आक्षेप असेल. ज्वारी हुरड्यात आली की ज्याला मचाणावर उभे राहून गोफण फिरवावी लागते, त्याला चिमणीचे प्रेम कसे शिकवावे? त्यालाही एक उदाहरण सांगता येईल. चीनमध्ये १९५८ साली धान्य खाते म्हणून चिमणी मारण्याची देशव्यापी मोहीम निघाली. चिमण्या संपल्या तशी कीड वाढली, कारण चिमणी आपल्या पिलांना किडे-अळ्या भरवते. शेवटी १९६० साली चिमणीला त्या यादीतून काढावे लागले. पण बंधुभगिनींनो, केवळ उपयोग आहे म्हणून जगू द्यायचे, हा विचार अपुरा आहे. उपयोग संपला की काय करणार? हाच नियम उद्या घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही लागू होईल.

प्रभू येशूने चिमणीचा बाजारभाव सांगितला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात तो एका दमडीला दोन असा येतो आणि लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच. हिशेब करून पाहा. दोन दमड्यांना चारच यायला हव्यात. पाचवी वर टाकलेली आहे. बाजारात तिची किंमत शून्य. आणि त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू सांगतात. म्हणजे त्या पाचव्या चिमणीचाही नाही. किंमत बाजार ठरवतो. मोल देव ठरवतो.

आता घरट्याकडे वळू या. तळाची फळी सहा इंच लांब, सहा इंच रुंद. उंची नऊ-दहा इंच. फळीची जाडी अर्धा ते पाऊण इंच. तळापासून पाच-सहा इंचांवर सव्वा इंच व्यासाचे भोक. भोक मोठे केले तर साळुंकी आत शिरते. भोकाखाली बसायला दांडी नको. चिमणीला तिची गरज नसते, उलट घरट्यावर हल्ला करणाऱ्याला आधार मिळतो. आतून रंग किंवा पॉलिश नको. पत्रा तर नकोच, मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात पिले आत भाजून निघतील. तळाला पाणी निथळण्यासाठी दोन-तीन बारीक छिद्रे, वर हवा खेळायला थोडी फट. छप्पर बिजागरीवर उघडणारे असावे, म्हणजे विणीनंतर आतला कचरा काढता येतो. आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचे ऊन लागणार नाही, मांजर पोहोचणार नाही आणि जवळ पंखा नसेल अशा जागी ते पक्के बसवावे.

या सूचनांत आपल्या आवडीला कुठेही जागा नाही. प्रत्येक माप चिमणीच्या अंगावरून घेतलेले आहे. आपल्याला सुंदर वाटणारे, रंगवलेले, मोठ्या दाराचे घरटे भिंतीवर शोभेल, पण त्यात ती राहायला येणार नाही. फेडायचे असेल तर घेणाऱ्याच्या मापाने फेडावे लागते.

हीच गोष्ट माणसांच्या बाबतीत आपण विसरतो. भूकंपानंतर पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. मदत करणाऱ्यांचे हेतू चांगले होते आणि त्यांचे ऋण मोठे आहे. तरी अनेक ठिकाणी घरे शहरी वसाहतीसारखी सरळ ओळींत उभी राहिली. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, धान्य कुठे साठवायचे हे त्या नकाशांत पुरेसे नव्हते. लोकांनी पुढे आपल्या हातांनी पत्रे, भिंती, गोठे जोडून त्या घरांना आपले केले. आपल्या घरातही असेच होते. नाताळात आपण न वापरण्याजोगे कपडे देतो आणि दान केले म्हणतो. आईवडिलांना आपल्या सोयीची खोली देतो आणि त्यांना काय हवे हे विचारायचे राहून जाते.

म्हणून या प्रायश्चित्तकाळात दोन गोष्टी करू या. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी घरातल्या मोठ्यांच्या मदतीने वरील मापाचे एक घरटे करावे आणि आपल्याच घराच्या भिंतीवर बसवावे. पहिल्या वर्षी चिमणी आली नाही तरी ते काढू नये. आणि मोठ्यांनी, दानाच्या पाकिटात काही टाकण्याआधी, ज्याला द्यायचे आहे त्याच्याकडे जाऊन त्याला काय हवे हे एकदा विचारावे. उत्तर आपल्या अंदाजापेक्षा वेगळे आले तर तेच द्यावे.

सुताराच्या घरात वाढलेला प्रभू येशू आपल्या हातांना आशीर्वाद देवो.