चौथी पिन

वैजापुरात तहसीलच्या रस्त्याला एक लहानसं दुकान होतं. दारावर पाटी होती : झेरॉक्स, टायपिंग, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. बाहेर एक बाकडं. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड होता. कुणी काही विचारलं की स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायचा, "काळजी करू नका, होऊन जाईल."

२०२३ चा जुलै होता. त्या वर्षी खरिपाचा पीकविमा एका रुपयात निघत होता आणि मुदत महिनाअखेरची होती. बाकड्यावर बसायला जागा मिळेना. ज्याच्या त्याच्या पिशवीत सातबारा, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचा कागद. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर दगा देऊ लागला. आठ-दहा मिनिटं नीट चालायचा, मग स्क्रीन काळी व्हायची आणि तो आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. अर्धा भरलेला फॉर्म पुन्हा पहिल्यापासून.

दुकानदाराने आधी लाइटला दोष दिला. आपल्याकडे ते सोपं असतं, लाइट कधी उलटून बोलत नाही. त्याने यूपीएसची बॅटरी बदलली. विंडोज नव्याने टाकली. रॅम काढून खोडरबराने घासली. शेवटी नवा एसएमपीएस आणून बसवला. खिसा रिकामा झाला, पण कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडतच राहिला.

रोटेगावकडची एक मावशी तीन दिवस येत होती. सकाळी यायची, पिशवी मांडीवर धरून बाकड्याच्या टोकाला बसायची. तिचा नंबर लागायचा, नाव-गाव भरून व्हायचं आणि स्क्रीन काळी व्हायची. "काळजी करू नका मावशी," तो म्हणायचा. मावशी मान हलवायची आणि परत जायची.

शेजारी मोटारी भरून देणारे एक चाचा होते. जळालेल्या मोटारी उकलण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते दारात येऊन उभे राहिले.

"गरम होतंय का रे काही?"

"नाही चाचा. पंखा फिरतोय की. हात लावून पाहिला, सगळं थंडगार."

"हात कशाला लावला?"

त्याने कॅबिनेटची बाजू उघडून दाखवलं. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा होता. त्याच्याखाली प्रोसेसर. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात चढते, पंखा ती उडवून लावतो, असं त्याने समजावून सांगितलं.

चाचांनी दोन बोटं ठोकळ्याला लावली आणि तशीच ठेवली. "मग ह्यो गरम लागाया पायजे. ह्यो गार कसा?"

दुकानदार गप्प झाला. त्याने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, थेट बायोसमध्ये गेला आणि तापमानाचा आकडा पाहत बसला. सत्तर. ऐंशी. नव्वद. ठोकळा अजून गारच होता. शंभरीच्या आसपास प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो; तेवढ्याने भागलं नाही तर जळून जाण्याआधी काम थांबवतो. तो बिघडला नव्हता. स्वतःचा जीव वाचवत होता.

ठोकळा बोर्डावर चार पिनांनी बसवलेला होता. तीन घट्ट होत्या. चौथीचं डोकं किंचित वर आलं होतं. दिवाळीत धूळ झाडायला त्यानेच तो काढला होता. पिना फिरवून मोकळ्या केल्या होत्या, पण बसवताना घाईत चौथी उलटी फिरवून जागेवर आणायची राहिली. वरून दाबली तेव्हा तिचा 'टक' आवाज आला नव्हता, आणि त्याने ऐकायचा प्रयत्नही केला नव्हता. ठोकळा एका बाजूने केसभर उचललेला राहिला. थंडी निभली, उन्हाळ्यात काम थोडं म्हणून तोही निभला. जुलैत दिवसभर काम पडलं तेव्हा निभेना.

त्याने वाळलेली पेस्ट पुसून काढली. तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीजोडीने दाबल्या. टक, टक. टक, टक. आकडा पन्नाशीत येऊन थांबला. चाचांनी पुन्हा बोटं लावली. "आता कोमट हाये," ते म्हणाले आणि आपल्या मोटारीकडे गेले.

पंखा दिवाळीपासून इमानाने फिरत होता. वारा भरपूर होता, पण ज्याचा ताप न्यायचा त्यालाच ठोकळा टेकलेला नव्हता. म्हणून तर तो इतका गार राहिला होता. 'काळजी करू नका' हे शब्दही त्या दुकानात तसेच फिरत राहिले होते.

दुकानदाराने खुर्ची उचलली आणि बाकड्याशी नेऊन ठेवली. मावशीची पिशवी मागून घेतली. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने तिचे कागद एकेक करून पाहिले. सातबारा तिच्या नावावर होता, वारसनोंद झालेली होती. पासबुक मात्र दुसऱ्याच नावाचं होतं.

"मावशी, हे कुणाचं?"

"मालकाचं. दोन वर्सं झाली त्यास्नी जाऊन." ती गडबडली. "तूच म्हनला बाबा, पासबुक आन. तेच हाताशी लागलं. मपलंबी हाये, पेटीत."

कॉम्प्युटर बंद पडला नसता तर पहिल्याच दिवशी फॉर्म त्या पासबुकावर गेला असता. हे त्याने तिला सांगितलं नाही. मुदतीला दोन दिवस बाकी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पेटीतलं पासबुक घेऊन आली. त्याने ते हातात घेतलं, पहिलं पान उघडलं आणि तिच्याकडे पाहत नाव मोठ्याने वाचलं.