आवाज मुलांचा, अर्थ कुणाचा?

आपण राहतो त्या या इंग्लंडात सतराव्या शतकात घरातले वाचन पुष्कळदा कानांनी होई. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी हातातले काम करता करता ऐकायचे. मुलांना वाचायला आधी आणि लिहायला नंतर शिकवत. त्यामुळे सहीच्या जागी खूण करणाऱ्या कित्येकांना बायबल वाचता येई. पोथी ऐकत वाढलेल्यांना हे चित्र परके वाटू नये.

त्यातले एक घर मात्र मला अस्वस्थ करते. ते कवी जॉन मिल्टनचे. १६५२ साली त्याची दृष्टी पूर्ण गेली. पुढे मेरी आणि डेबोरा या त्याच्या मुली त्याला हिब्रू, ग्रीक, लॅटिन ग्रंथ वाचून दाखवत. उच्चार अचूक, पण अर्थ एका शब्दाचाही ठाऊक नाही, असे मिल्टनचा भाचा एडवर्ड फिलिप्स याने लिहून ठेवले आहे. शेवटी मुली कंटाळल्या, कुरकुरू लागल्या.

१६६२ मध्ये टॉमस एलवुड हा तरुण मिल्टनकडे लॅटिन वाचायला येऊ लागला. मिल्टनने आधी त्याचे उच्चार घटवून घेतले. एलवुड सांगतो की, आपल्याला अर्थ लागलेला नाही हे मिल्टनला नुसत्या आवाजावरून कळे. मग तो वाचन थांबवून कठीण भाग उलगडून सांगे.

कान तेच होते. मग मुलींच्या वाट्याला हे का आले नाही? मुलींना या भाषा शिकवण्याची तेव्हा रीत नव्हती, हे खरे. अंध बापाची गरजही खरी. तरी मला वाटते, ज्याच्याकडून आपण वाचून घेतो त्याला अर्थाचा वाटा न देणे म्हणजे माणसाला नुसते साधन करणे.

आपल्या गणेशोत्सवात मुले रोमन लिपीतून अथर्वशीर्ष वाचतात, आजी-आजोबांचे डोळे भरून येतात. आधी उच्चार, मागून अर्थ, हा क्रम चुकीचा नाही. एलवुडही तसाच शिकला. पण अर्थ मागून यायलाच हवा. नाहीतर ते पाठांतर मुलांच्या नव्हे, आपल्याच समाधानाचे. मूल अडखळले की आपण लगेच उच्चार सुधारतो. ते न अडखळता म्हणत असेल तेव्हाही कधी थांबवून विचारावे, "यात काय म्हटलंय, ठाऊक आहे?" उत्तर आपल्यालाही येत नसेल, तर दोघांनी मिळून शोधावे.