धूर, अग्नी आणि अर्थिंग

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचं सर्वांत परिचित उदाहरण. गडचिरोलीत उन्हाळ्याच्या तोंडाशी ते पोथीत राहत नाही. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, कधी त्यातून वणवा पसरतो आणि धूर बघून माणसं धावतात. इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपात बसवलेला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरही हेच अनुमान पुरवतो, जळून आलेल्या वायूतल्या ऑक्सिजनवरून आतल्या अग्नीचं. गाडीचा मूळ ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक, काढून बाजारातला दुसरा बसवणाऱ्याला आणि चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या औष्णिक केंद्रात बॉयलर चालवणाऱ्याला एकच प्रश्न पडायला हवा: या साधनाने दिलेलं ज्ञान खरं कशावरून? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, दोष दिसला तरच ते बाद होतं. न्यायशास्त्राचे अनुयायी नैयायिक म्हणतात, त्याचं खरेपण बाहेरून, दुसऱ्या ज्ञानाने ठरतं. मला नैयायिकांचं पटतं, आणि त्याचा पुरावा तारांच्या जोडणीत आहे.

वाइडबँडचा कंट्रोलर ईसीयूला शून्य ते पाच व्होल्टचा सिग्नल देतो. समजा शून्य व्होल्ट म्हणजे एक भाग पेट्रोलला दहा भाग हवा आणि पाच व्होल्ट म्हणजे वीस भाग. सेन्सर सातशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट मोजत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. हीटर एक अँपिअर ओढतोय आणि कंट्रोलरच्या अर्थिंगची तार गंजक्या बोल्टवर कसली आहे. तिथला रोध 0.1 ओहम धरला, तर कंट्रोलरचं शून्य ईसीयूच्या शून्यापेक्षा 0.1 व्होल्ट वर सरकतं. सेन्सर, कंट्रोलर, ईसीयू तिन्ही चोख. तरी मिक्श्चर 0.2 ने लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, दिसतं आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. एकेक भाग सुटा तपासून हा दोष हाती लागत नाही, कारण तो कुठल्याच भागात नाही, दोन शून्यांमधल्या अंतरात आहे. म्हणून जाणता कारागीर सिग्नलच्या अर्थिंगची तार थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला जोडतो आणि हीटरची वेगळी नेतो. मिसफायरचं उदाहरण तर याहून बोलकं. ठिणगी पडली नाही की पेट्रोल जळत नाही आणि ऑक्सिजनही खर्च होत नाही. सेन्सरला तो ऑक्सिजन कळतो आणि पेट्रोल वाया जात असतानाच आकडा लीन येतो. नैयायिक अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं, हे त्यांनी कधीच नोंदवून ठेवलं आहे.

कोळशाच्या बॉयलरमध्ये धुराच्या वाटेवर ऑक्सिजन मोजणारा झिर्कोनियाचा प्रोब असतो. त्याच्या एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. हवेतला 20.9 टक्के ऑक्सिजन हा त्याचा आधार. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय प्रोबला धुराबद्दल काही सांगताच येत नाही. आणि प्रोबच्या अलीकडे फट पडली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन मुबलक दिसतो, ऑपरेटर हवा कमी करतो, भट्टी गुदमरते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि राखेतून न जळलेला कोळसा जातो.

यावर मीमांसकांचा आक्षेप जुना आणि दमदार आहे. प्रोब तपासायला प्रमाणित वायूचं सिलिंडर आणलं, तर सिलिंडर कोण तपासणार? ही अनवस्था कुठेच थांबणार नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात अशाच न संपणाऱ्या शंकेला उत्तर दिलं, की शंका माणसाच्या स्वतःच्या वागण्याशी विसंगत ठरते तिथे तिची हद्द संपते. शेकोटी पेटवायला अग्नीच शोधणारा माणूस अग्नीच्या स्वभावावर शंका घेत नाही. तपासणी अनंत लागत नाही. कृतीला फळ येईपर्यंत लागते. दुसरा आक्षेप असा, की यंत्र जड आहे, त्याला ज्ञान होत नाही. मान्य. पण आकडा वाचून झडप फिरवणाऱ्या माणसाला ते होतं, आणि चूक झाली तर ती त्याच्या निश्चयाची असते.

मीमांसकांची एक बाजू मात्र सोडता येत नाही. आधी विश्वास ठेवल्याशिवाय कोणी गाडीही चालवू शकणार नाही. स्वतःच्या पेट्रोलचे पैसे स्वतः भरणाऱ्याने दोष दिसेपर्यंत आकड्यावर विसंबावं, त्यात अधर्म नाही. चुकीची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसांनी मोजायची असेल तेव्हा तो अधिकार उरत नाही. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत गणलं. तिथे दोष दिसला तरच शंका घेऊ, असं म्हणणं म्हणजे लोक आजारी पडण्याची वाट पाहणं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 सालीच जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे धूर दिसला तर खरंखोटं पाहायला जाणारा माणूस त्याच जंगलावर जगतो. चंद्रपूर केंद्राशेजारच्या दुर्गापूर-ऊर्जानगरच्या रहिवाशांचा हात मात्र धुराच्या वाटेवरच्या प्रोबपर्यंत पोचत नाही. म्हणून तो प्रोब कधी, कोणत्या वायूने, कोणी तपासला, ही नोंद त्यांना मागता आणि वाचता आली पाहिजे.